नववा रकाना

बक्षीस घेण्यापेक्षा बक्षीस देणं फार अवघड असतं, हे शाखेच्या साहेबांना निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना कळलं. घेणाऱ्याचं काय, हात पुढे करायचा आणि फोटोसाठी हसायचं. देणाऱ्याला चौदा पानं वाचावी लागतात.

ही चौदा पानं मुख्य कचेरीतून आली होती. शाखा अगदी लहान: साहेब, कॅशियरबाई आणि मामा. मामा म्हणजे शिपाई. ते नेमके कोणाचे मामा हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण लहानथोर सगळे त्यांना मामाच म्हणत. तिमाही संपायच्या आत बचतीची तीनशे नवी खाती झाली नाहीत तर शाखेला कुलूप लागेल आणि तिघांची तीन दिशांना रवानगी होईल, असं वरून स्पष्ट कळवलं होतं. साहेबांच्या वाट्याला मुख्य कचेरीच्या तळघरातला जुन्या दप्तरांचा विभाग येणार होता. त्या विभागाला खिडकी नाही आणि पंखा आहे पण फिरत नाही, इतकी माहिती साहेबांनी घरबसल्या काढली होती.

कारण चौकशा करणं हा साहेबांचा जन्मजात स्वभाव. औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं ते आधी वाचणार, मग औषध घेणार. तोवर ताप आपोआप उतरलेला असायचा. बायको म्हणायची, "यांना स्वर्गाच्या दारात उभं केलं तरी हे आधी बिजागरी बघतील."

तर खाती वाढवण्यासाठी बँकेने बक्षिसाची योजना काढली. दरमहा ठरावीक रक्कम खात्यात टाका, तिमाहीच्या शेवटी तुमच्या नावाची चिठ्ठी पिंपात, आणि ज्याची चिठ्ठी निघेल त्याला कपडे धुण्याचं यंत्र. दुसरा कोणी असता तर 'वा वा' म्हणून कामाला लागला असता. साहेब चौदा पानं घेऊन घरी गेले आणि जेवता जेवता बायकोला मोठ्याने वाचून दाखवू लागले.

"अहो, पण ही लॉटरीच झाली की," बायको म्हणाली.

"छे! हा शब्द उच्चारायलासुद्धा मनाई आहे. पान तिसरं. लॉटरीत तिकिटाचे पैसे जातात. इथे मुद्दल आपलं, व्याज आपलं, चिठ्ठी फुकट. बक्षीस बँकेच्या जाहिरातखर्चातून, ठेवीदारांच्या पैशातून नाही."

"मग हरतो कोण?"

साहेबांचा घास हातातच राहिला. प्रश्न बिनतोड होता. "कोणीच नाही," ते म्हणाले.

"कोणी हरत नाही आणि एक जण जिंकतो! मग कायदा एवढा घाबरतो कशाला?"

रात्रभर साहेब त्या प्रश्नावर कूस बदलत राहिले आणि सकाळी त्यांनी मुख्य कचेरीतल्या कायदा अधिकारीबाईंना फोन लावला. या बाई वयाने साहेबांच्या मुलीएवढ्या, पण आवाज असा की समोरच्याने खुर्चीत सरळ बसावं. "साहेब," त्या म्हणाल्या, "जिथे कोणीच हरत नाही असं सांगतात ना, तिथेच कायदा सगळ्यात जास्त घाबरतो. लोकांचे पैसे बुडतात ते याच वाक्यानंतर." साहेबांनी हे वाक्य लिहून घेतलं. पुढे दर दोन दिवसांनी त्यांचा बाईंना फोन जाऊ लागला. चिठ्ठ्या सगळ्या एकाच मापाच्या का? कारण मोठी चिठ्ठी बोटाला आधी लागते. जास्त पैसे ठेवणाऱ्याला जास्त चिठ्ठ्या का नाहीत? कारण प्रत्येकाची संधी सारखी. पिंप पारदर्शक का? साहेब, आता मला दुसरीही कामं आहेत.

कायदा साहेबांना असा आवडू लागला, पण मामांना त्यातलं काही सांगायचं राहून गेलं. मामांनी परस्पर रंगाऱ्याला गाठून दारावर हातभर अक्षरांत पाटी लावली: 'लॉटरी! लॉटरी! लॉटरी!' एकदा नव्हे, तीनदा. मामांना साहेबांनी ताबडतोब दुरुस्तीला पाठवलं, तर रंगारी म्हणाला, नवी पाटी करायची तर चार दिवस लागतील, हीच सुधारून देतो. संध्याकाळी पाटी परत आली ती अशी: 'ही लॉटरी नाही! लॉटरी नाही! लॉटरी नाही!'

आणि काय सांगावं, दुसऱ्या दिवशी दारात ही गर्दी! 'बचत करा' या पाटीकडे तीस वर्षं कोणी मान वळवून पाहिलं नव्हतं. पण 'लॉटरी नाही' म्हटल्यावर जो तो नक्की काय आहे ते बघायला आत शिरू लागला. साहेबांना यात मनुष्यस्वभावाचं मोठं रहस्य दिसलं, पण विचार करायला सवड नव्हती. बक्षिसाचं यंत्र येऊन दाराशीच पडलं होतं. आत न्यायला दार अपुरं आणि बाहेर ठेवायला मन होईना, म्हणून ते खोक्यासकट उंबऱ्याला चिकटून उभं. लोक पोट आत घेऊन बाजूने यायचे आणि त्याच खोक्यावर कागद ठेवून अर्ज भरायचे.

वरच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर रोज सल्ला द्यायला यायचे. एकदा ते घरून फूटपट्टी घेऊन आले आणि चिठ्ठ्यांची मापं तपासून सतरा चिठ्ठ्या नापास करून गेले.

शेवटच्या दिवशी साहेब मुख्य कचेरीत बैठकीला गेले होते. परत आले तर कॅशियरबाई दारातच उभ्या. "साहेब, तीनशे! संध्याकाळी पाचला एक अर्ज आला आणि बरोब्बर तीनशे!" मामांनी चहा सांगितला. साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकी राहणार होती. आता फक्त शनिवारी सोडत नियमाप्रमाणे पार पाडायची. ती पार पडली नाही तर सगळी खाती रद्द धरली जाणार होती, पण आता कसली अडचण येणार?

अडचण सोमवारी सकाळी आली. अर्ज लावता लावता कॅशियरबाई थांबल्या.

"साहेब, एक विचारू? रागावू नका."

"विचारा."

"तुम्हाला चुलतभाऊ किती?"

"दोन. त्यातले एक वारले. का?"

"इथे एकेचाळीस आहेत."

साहेबांनी चष्मा लावला. अर्जातला नववा रकाना होता: 'बँकेच्या कर्मचाऱ्याशी नाते असल्यास लिहावे.' पान अकरावं, कर्मचाऱ्यांचे नातेवाईक सोडतीला अपात्र. त्यासाठीच हा रकाना. साहेब एकेक अर्ज उलटू लागले आणि त्यांचा चेहरा पडत गेला. एकेचाळीस चुलतभाऊ. अठ्ठ्याऐंशी जणांनी लिहिलं होतं, 'शिपाई आमचे मामा लागतात.' कॅशियरबाईंना सव्वीस मावसबहिणी निघाल्या. ज्यांना नातं जोडता आलं नव्हतं त्यांनीही रकाना कोरा सोडला नव्हता. भाजीवाल्या बाईंनी लिहिलं होतं, 'साहेब माझ्याकडूनच भाजी घेतात व घासाघीस करत नाहीत.' न्हाव्याने लिहिलं होतं, 'साहेबांचं डोकं वीस वर्षं माझ्या हातात आहे.' आणि औषधवाल्याने, देव त्याचं भलं करो, साहेबांच्या तब्येतीविषयी दोन ओळी लिहिल्या होत्या, ज्या कॅशियरबाईंनी वाचल्या नसाव्यात अशी साहेबांनी मनोमन प्रार्थना केली. बाईंनी त्या वाचल्या होत्या.

साहेब तसेच उठून औषधवाल्याकडे गेले. "अहो, हे काय लिहिलंत तुम्ही?"

"का? खोटं आहे का काही?"

"खऱ्याखोट्याचं नाही. नातं का लिहिलंत?"

औषधवाल्याने कीव केल्यासारखं बघितलं. "साहेब, बँकेच्या कागदावर विचारलंय, तुमची ओळख आहे का. तिथे 'नाही' लिहायला आम्ही काय वेडे? ओळखीशिवाय आजवर कुठे कोणाचं काम झालंय?"

साहेब परत आले तेव्हा कॅशियरबाईंनी सगळे अर्ज मोजून ठेवले होते. दोनशे नव्व्याण्णव अपात्र. "एकाच माणसाने 'नाही' लिहिलंय, साहेब. पाचला शेवटचा आला होता ना, तो. तुम्ही नव्हता त्या दिवशी."

कोण बुवा हा, की ज्याला ओळखीचा मोह नाही? साहेबांचं कुतूहल उसळून आलं. अर्ज त्यांनी जवळजवळ ओढूनच घेतला. नवव्या रकान्यात ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'काहीही नाते नाही. शाखाधिकाऱ्यांना विचारून खात्री करून घ्यावी.'

ते अक्षर साहेबांनी लहानपणी स्वतःच्या वह्यांच्या कव्हरांवर पाहिलं होतं. अर्ज त्यांच्या सख्ख्या थोरल्या भावाचा होता.

दादांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे. भावाभावांत नऊ वर्षं अबोला, आणि कारण सांगायची सोय नाही, कारण ऐकणारा हसतो. नऊ वर्षांपूर्वी दादा स्वतःच्या खात्यातले पैसे काढायला खिडकीवर आले आणि त्यांची सही नमुन्याशी जुळेना. दादांचा हात घड्याळाच्या केसाएवढ्या स्प्रिंगवर जराही हलत नाही, पण सही मात्र दरवेळी वेगळी, हवामानासारखी. साहेब म्हणाले, ओळख पटवणारा कोणीतरी आणा. दादा म्हणाले, "अरे, मी तुझा भाऊ. तू ओळखतोस ना मला?" आणि मागे रांगेत बारा माणसं उभी असताना साहेब म्हणाले, "घरी ओळखतो. इथे नाही." नियमाने ते बरोबर होतं. दादांनी पेनाचं टोपण लावलं, "बरं. नाही ओळखत तर नाही," म्हणाले, आणि गेले ते गेलेच.

साहेबांनी फोन उचलला. कायदा अधिकारीबाई शांतपणे सगळं ऐकून म्हणाल्या, "एका चिठ्ठीची सोडत होत नाही, साहेब. तिला वाटप म्हणतात. पण माहिती चुकून लिहिली असेल तर दुरुस्त करता येते. शुक्रवारपर्यंत प्रत्येकाने शाखेत येऊन, तुमच्यासमोर, स्वहस्ते लिहून द्यावं की आमचं नातं नाही."

"आणि समजा," साहेबांनी चाचरत विचारलं, "एखाद्याने नातं असून 'नाही' लिहिलं, तर?"

"असं कोणी आहे का?"

गप्प बसले असते तर चाललं असतं. हेडमास्तरांनी नंतर हेच सुनावलं. पण साहेब म्हणाले, "आहे. माझा भाऊ."

"मग तुम्हीच लिहून द्या की ते तुमचे भाऊ आहेत, आणि त्यावर त्यांची सही घ्या. त्यांचं खातं राहील, चिठ्ठी मात्र पिंपात पडणार नाही. तीनशेच्या तीनशे अर्ज खरे असल्याशिवाय मी परवानगीवर शिक्का मारणार नाही. एकही खोटा राहिला, सोडत रद्द."

मंगळवारपासून शाखेत जे सुरू झालं तसं कोणाच्या शत्रूवरही येऊ नये. माणसं रांग लावून साहेबांशी नातं तोडायला आली. आधी कोणी तयारच होईना. भाजीवाल्या बाई पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "एवढं काय चुकलं माझं? एकदा कोथिंबीर शिळी दिली म्हणून?" न्हावी म्हणाला, "लिहून देतो, पण मग पुढच्या वेळी डोकं कुठे न्याल?" पण 'नातं तोडलं तर चिठ्ठी राहते' हे एकदा पसरल्यावर रंग पालटला. बुधवारी एकेचाळीस चुलतभावांनी अर्ध्या तासात हात झटकले. काहींना नुसतं 'नातं नाही' एवढ्यावर समाधान होईना. 'नाते नाही व पूर्वीही नव्हते,' एकाने लिहिलं. 'यांना मी तोंडओळखीनेही ओळखत नाही, फक्त एकदा पाहिले आहे,' हे लिहिणारा गृहस्थ साहेबांच्या शेजारच्या घरात अकरा वर्षं राहत होता. औषधवाल्याने तर साहेबांच्या देखत लिहिलं, 'ह्यांची प्रकृती कशी असते याबद्दल मला माहिती नाही.' हे तरी खरं असतं तर बरं झालं असतं, असं साहेबांना वाटलं.

तिकडे मामा कोपऱ्यात स्टुलावर उदास बसून होते. एका दिवसात अठ्ठ्याऐंशी भाचरं गेली म्हणजे काय थट्टा आहे?

गुरुवारी संध्याकाळी दोनशे नव्व्याण्णव दुरुस्त्या पुऱ्या झाल्या. राहिली एक. साहेब घरी येऊन नुसते बसून राहिले.

"जा की दादांकडे," बायको म्हणाली.

"तो बोलणार नाही."

"बोलतील. परवाच वहिनी म्हणत होत्या, गुडघा दुखतोय पण दुकान सोडवत नाही."

"परवा? कोणाला म्हणत होत्या?"

"मला. आम्ही दर आठवड्याला भेटतो. नऊ वर्षं झाली."

साऱ्या जगाची चौकशी करणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातली ही बातमी नऊ वर्षांनी मिळाली. साहेबांनी कागद घेतला, चपला घातल्या आणि ते निघाले.

दुकान होतं तसंच होतं. भिंतीवरच्या वीस घड्याळांत वीस वेळा. दादा डोळ्याला भिंग लावून मान खाली घालून बसले होते.

"दादा."

"दुकान सातला बंद होतं," दादा मान वर न करता म्हणाले.

"बँकेच्या कामाला आलोय."

"ओळखपत्र?"

साहेबांना क्षणभर राग आला. नंतर त्यांनी मुकाट्याने खिशातून ओळखपत्र काढून समोर ठेवलं. दादांनी ते भिंगाखाली धरून पुढून पाहिलं, मागून पाहिलं. "फोटो जुना आहे. यात केस आहेत," ते म्हणाले आणि परत दिलं. "बोला."

साहेबांनी नियम सांगितला, पान सांगितलं, बाईंचं म्हणणं सांगितलं. दादा ऐकत राहिले. सगळं सांगून झाल्यावर साहेबांना त्यांचा स्वभाव आडवा आला. "पण दादा, एक सांग. तुला यंत्र नकोय. घरात आहे, असं निघताना हिने सांगितलं. मग तू खातं उघडलंस कशासाठी?"

दादांनी भिंग काढून ठेवलं. "तुझ्या शाखेला कुलूप लागणार असं तुझी बायको हिच्यापाशी रडत होती. मामांना विचारलं तर म्हणाले, एकाने अडलंय. म्हटलं, एकाने अडत असेल तर आपण होऊ एक. तुला ओळखत नाही ते वेगळं."

साहेबांनी घाईघाईने कागद पुढे केला. "इथे सही कर."

दादांनी सही केली. साहेबांनी सवयीने खिशातून नमुना काढला आणि शेजारी धरला. जुळत नव्हती. कुठूनच जुळत नव्हती. पहिलं अक्षर तर दुसऱ्याच कोणाचं वाटत होतं. दुकानातली वीस घड्याळं टकटकत राहिली.

"मग?" दादा म्हणाले. "आणू का कोणाला ओळख पटवायला?"

साहेबांनी पेन काढलं, कागद काचेच्या कपाटावर ठेवला आणि मोठ्याने उच्चारत लिहिलं: "सही नमुन्याशी जुळत नाही. आजवर कधीही जुळलेली नाही व जुळण्याची शक्यता नाही. तथापि सदर इसम माझे सख्खे थोरले भाऊ असून मी त्यांना जन्मापासून ओळखतो." खाली स्वतःची सही केली, हुद्दा लिहिला, आणि बरोबर आणलेला बँकेचा शिक्का मारला.

दादांनी कागद भिंगाखाली धरला. "कोणाच्या जन्मापासून? माझ्या जन्माच्या वेळी तू कुठे होतास? नीट लिही, नाहीतर ती तुझी बाई परत पाठवेल."

साहेबांनी 'जन्मापासून'च्या आधी वर खूण करून 'माझ्या' घातलं आणि तिथेही बारीक सही केली. दादा बराच वेळ तो कागद वाचत होते, वाचण्यासारख्या चारच ओळी असूनही. मग म्हणाले, "याची एक प्रत मला मिळेल का?"

शुक्रवारी कायदा अधिकारीबाईंनी तीनशे कागद तपासले आणि परवानगीवर शिक्का मारला. शनिवारी त्या स्वतः सोडतीला आल्या. शाखेसमोर खुर्च्या मांडल्या होत्या. पात्र लोक पुढे, अपात्र लोक मागे, मध्ये दोरी, कारण बाईंना सरमिसळ चालणार नव्हती. मागे खुर्च्या तीनच. त्यांतल्या दोनांवर साहेबांची बायको आणि वहिनी आधीच गप्पा मारत बसल्या होत्या. पुढे दोनशे नव्व्याण्णव माणसं, साहेबांशी काडीचाही संबंध नसल्याचं लिहून दिलेली, एकमेकांना कोपरं मारत होती. पारदर्शक पिंप एकदा उजवीकडे आणि एकदा डावीकडे फिरवून झालं, बाईंनी बाही वर केली, आणि तेवढ्यात दादा आले. इस्त्रीचा शर्ट, विंचरलेले केस.

मामा यादी घेऊन दाराशी होते. त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, "पात्र की अपात्र?"

दादांनी खिशातून घडी घातलेला कागद काढला, उलगडला आणि पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अपात्र! साहेबांचा सख्खा भाऊ आहे मी. लेखी आहे."

सगळ्या माना मागे वळल्या. "बघा," औषधवाला शेजाऱ्याच्या कानाला लागून हळहळत म्हणाला, "याला म्हणतात ओळख." आणि दादा दोरी उचलून, गुडघा सांभाळत, तिसऱ्या खुर्चीवर जाऊन ऐटीत बसले.